हेवी मेटलच्या जुन्या कॅसेटी कशा वाचवाव्यात आणि पुन्हा कशा ऐकाव्यात

गेल्या उन्हाळ्यात मेगाडेथ या हेवी मेटल बँडचा ‘रस्ट इन पीस’ हा 1990 सालचा अल्बम मी बऱ्याच वर्षांनी मोबाइलवरील एका ॲपमध्ये लावला, आणि दोन-तीन गाणी होईपर्यंत माझी खात्री झाली की विद्यार्थिदशेत कॅसेटवर शेकडो वेळा ऐकलेले ध्वनिमुद्रण हे नव्हे. ड्रमचा ठोका निराळा होता, गिटारींची मांडणी निराळी होती आणि काही ओळी तर गायकाने दुसऱ्याच पद्धतीने म्हटलेल्या होत्या. शोध घेतल्यावर कारण समजले. 2004 साली या अल्बमचे नव्याने मिश्रण करण्यात आले आणि काही ठिकाणी मूळ गायन हाती न लागल्यामुळे ते पुन्हा गाऊन भरण्यात आले. मला ॲपवर मिळाली ती ही आवृत्ती. 1990 चा आवाज माझ्या कपाटातील कॅसेटवर होता, परंतु ती कॅसेट लावण्यासाठी घरात चालू स्थितीतला एकही टेपरेकॉर्डर उरलेला नव्हता.

हे संगीत दीर्घकाळ ऐकत आलेल्या माझ्या पिढीच्या निराशा पुष्कळ आहेत. ज्यांच्यापासून हेवी मेटलची सुरुवात मानली जाते त्या ब्लॅक सॅबथने 5 जुलै 2025 रोजी आपल्या बर्मिंगहॅम शहरात शेवटचा कार्यक्रम केला आणि त्यानंतर 17 दिवसांनी त्यांचे गायक ऑझी ऑस्बोर्न गेले. आयर्न मेडनचे ड्रमवादक निको मॅकब्रेन डिसेंबर 2024 मध्ये दौऱ्यांतून निवृत्त झाले. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकण्याची पद्धत मागे पडली, आणि जुने अल्बम ज्या रूपात आज समोर येतात ते रूप अनेकदा मूळचे नसते. वयावर आणि मृत्यूवर इलाज नाही, बाजाराची चालही आपल्या इच्छेने वळणार नाही. परंतु आपल्या घरातील संग्रह आपल्या हातात आहे. गेल्या वर्षभरात मी माझ्या कॅसेटींचे जे केले, त्यात जे चुकले आणि जे साधले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

सोलापुरात 1990 च्या आसपास हे संगीत सहज मिळत नव्हते. पुण्या-मुंबईला जाणाऱ्या कोणाला तरी नावे लिहून द्यायची, त्याने आणलेली एक कॅसेट चौघांत फिरवायची आणि नव्या पेठेतील दुकानातून ती कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायची, अशी आमची रीत होती. आमचे घर पूर्व भागात होते आणि शेजारी यंत्रमागांचा कारखाना होता. त्या खडखडाटात वाढल्यामुळे असेल, पण हे संगीत कानावर पडले तेव्हा ते मला परके वाटले नाही. टोनी आयोमी हे ब्लॅक सॅबथचे गिटारवादक पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली, त्यांनी प्लास्टिक वितळवून त्या बोटांसाठी टोपणे बनवली आणि पुढे तारांचा ताण बोटांना सोसावा म्हणून तारा उतरवून लावल्या. त्यातून तो खर्जातला जड आवाज आला. मागावर बोटे गमावलेली माणसे मी लहानपणी पाहिली होती, म्हणून ही हकिगत वाचली तेव्हा ती मला आमच्या गल्लीतलीच वाटली. आमच्या भरून घेतलेल्या कॅसेटींना मी इतके जपतो त्यामागे हेही एक कारण आहे.

कॅसेटी कोठे आणि कशा ठेवाव्यात

सर्वांत आधी कॅसेटी आता जेथे आहेत तेथून काढाव्यात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो आणि वरच्या मजल्यावरील खोली किंवा पत्र्याखालचा माळा त्याहूनही तापतो. या उष्णतेत फितीवरील चुंबकीय थर लगेच नष्ट होत नाही, परंतु प्लास्टिकचे कवच वाकते, आतील गुळगुळीत कागदी पत्री सुरकुतते आणि फितीला हेडशी, म्हणजे फितीवरील ध्वनी वाचणाऱ्या भागाशी, दाबून धरणाऱ्या लहानशा नमद्याचा गोंद सुकून नमदा गळून पडतो. माझ्या सुमारे 120 कॅसेटींपैकी 31 कॅसेटींचा नमदा गळालेला निघाला, आणि या सर्व माळ्यावरच्या पेटीतील होत्या. खालच्या खोलीत, आतल्या भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटात ज्या कॅसेटी राहिल्या होत्या त्यांपैकी एकीचाही नमदा पडला नव्हता.

म्हणून तळमजल्यावरील, पश्चिमेच्या उन्हात न तापणारी भिंत निवडावी, कॅसेटी डब्यांसह पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात आणि त्यांच्या जवळ स्पीकर ठेवू नये, कारण स्पीकरमध्ये चुंबक असतो. दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कॅसेट एक तासही ठेवू नये. बुरशीचा त्रास समुद्रकाठच्या शहरांइतका आपल्याकडे होत नाही, तरी कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट बाजूला काढावी आणि चांगल्या यंत्रात घालू नये, कारण ती भुकटी हेडमार्गे पुढच्या कॅसेटीवर जाते.

त्यानंतर वर्गवारी करावी. कंपनीने छापलेल्या आणि आजही त्याच रूपात मिळणाऱ्या कॅसेटी शेवटी घ्याव्यात. आधी त्या घ्याव्यात ज्यांतील ध्वनिमुद्रण आता त्या रूपात मिळत नाही, आणि त्यांच्याही आधी आपण स्वतः किंवा मित्रांनी भरून घेतलेल्या मिश्र कॅसेटी, ज्यांची दुसरी प्रत जगात नाही. कोऱ्या कॅसेटींत 60 मिनिटांची फीत 90 मिनिटांच्या फितीपेक्षा जाड असते, आणि 120 मिनिटांची फीत इतकी पातळ असते की ती पुढे-मागे पळवताना ताणली जाते किंवा गुंतते. म्हणून 120 मिनिटांच्या कॅसेटी असतील तर त्या अनुभव आल्यानंतर, हात बसल्यावर घ्याव्यात.

यंत्र मिळवणे आणि स्वच्छ करणे

नवे म्हणून विकले जाणारे स्वस्त कॅसेट प्लेअर या कामासाठी घेऊ नयेत. त्यांचा वेग स्थिर नसतो आणि लांबवलेल्या गिटारच्या स्वरात तो डळमळ लगेच ऐकू येतो. जुना, चांगल्या घडणीचा, दोन स्पीकरच्या संचातील डेक दुरुस्त करून घेणे अधिक चांगले. माझा डेक मी एका ओळखीच्या घरून भंगारात जाण्याआधी उचलला. त्यातील रबरी बेल्ट वितळून चिकट झाला होता; अशा वेळी जुन्या बेल्टचा काळा लगदा पूर्ण पुसून काढल्याशिवाय नवा बेल्ट घालू नये. शहरात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे कारागीर आता मोजके उरले आहेत आणि ते बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्याकडून काम करून घेताना शेजारी बसावे, विचारावे आणि शिकून घ्यावे, कारण पुढच्या वेळी बेल्ट आपल्यालाच बदलावा लागणार आहे.

हेड स्वच्छ करण्यासाठी मोबाइल दुरुस्तीची दुकाने वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. कापसाच्या काडीला ते थोडेसे लावून हेडचा चकचकीत पृष्ठभाग आणि त्याच्या बाजूचा धातूचा बारीक दांडा पुसावा. काडीवर तपकिरी डाग उमटतो तो जुन्या फितींवरून झडलेला थर असतो. डाग उमटेनासा होईपर्यंत काड्या बदलत राहावे. फितीला पुढे ओढणारे रबरी चाक मात्र अल्कोहोलने वारंवार पुसल्यास कडक होते, म्हणून ते साबणाच्या पाण्यात किंचित भिजवलेल्या कापडाने पुसून कोरडे करावे. दर पाच-सहा कॅसेटींनंतर हे सारे पुन्हा करावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भरून घेतलेली कॅसेट ज्या यंत्रावर भरली गेली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या यंत्राच्या हेडचा कोन सारखा असेलच असे नाही. कोन किंचित जरी वेगळा असला तरी वरच्या पट्टीतले सारे ध्वनी, म्हणजे सिंबलची (ड्रमसंचातील झांजेची) चमक आणि गिटारच्या डिस्टॉर्शनची (मुद्दाम फाडलेल्या आवाजाची) धार, बोथट होतात आणि गाणे पांघरुणाखालून आल्यासारखे वाटते. अनेकजण येथेच ‘कॅसेट खराब झाली’ असा निष्कर्ष काढतात. हेडच्या एका बाजूला, बहुधा स्प्रिंगवर बसवलेला, एक बारीक स्क्रू असतो. त्याची मूळ स्थिती नेलपॉलिशच्या ठिपक्याने खूण करून ठेवावी, डावा-उजवा आवाज एकत्र करून हेडफोनवर ऐकावे, आणि स्क्रू अगदी थोडा, एका वेळी अष्टमांश फेऱ्याहून जास्त नाही, इकडे-तिकडे फिरवत सिंबल सर्वांत तेजस्वी कोठे ऐकू येतो ते शोधावे. हे प्रत्येक भरलेल्या कॅसेटसाठी नव्याने करावे लागते. काम कंटाळवाणे आहे, परंतु आयर्न मेडनच्या दोन गिटारी पांघरुणाखालून निघून पुन्हा वेगवेगळ्या ऐकू येतात तो क्षण मी माझ्या भाच्याला मुद्दाम बोलावून ऐकवला.

जखमी कॅसेटींची दुरुस्ती

नमदा गळालेला असेल तर एखादी निरुपयोगी कॅसेट उघडून तिचा स्प्रिंगसकट नमदा काढावा आणि येथे बसवावा. स्क्रूने जोडलेले कवच उघडणे सोपे असते. ज्या कवचाला स्क्रू नसतात ते जोडावर पातळ पाते चालवून उघडावे लागते आणि ते पुन्हा नीट बंद होत नाही, म्हणून त्यातील फितीची दोन्ही चाके तशीच उचलून स्क्रूच्या रिकाम्या कवचात ठेवावीत. हे करताना बाजू उलटी होणार नाही याकडे लक्ष द्यावे आणि पंखा बंद ठेवावा. मी पहिल्यांदा पंखा चालू ठेवून बसलो होतो आणि कॉलेजच्या एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटची फीत खोलीभर पसरली. तो मित्र आता हयात नाही. ती फीत बोटांनी न दुमडता पुन्हा गुंडाळायला मला पूर्ण दुपार लागली आणि मधली दीड मिनिटे कायमची चुरगळली.

तुटलेली फीत जोडण्यासाठी घरातील साधी चिकटपट्टी कधीही वापरू नये, कारण तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. फितीसाठीची खास जोडपट्टी मागवावी, दोन्ही टोके तिरकी कापून एकमेकांना भिडवावीत आणि पट्टी हेडला न लागणाऱ्या बाजूने लावावी. कोणतीही वर्षानुवर्षे पडून राहिलेली कॅसेट वाजवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे वेढ्यांचा ताण सारखा होतो. चाके जड वाटली तर आधी पेन्सिल घालून हाताने फिरवून सैल करावीत.

संगणकावर उतरवणे

डेकच्या मागील लाइन आउटमधून आवाज घ्यावा, आणि ती सोय नसेल तर हेडफोनच्या छिद्रातून. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात तो थेट घालू नये: ते छिद्र बहुधा एकाच वाहिनीचे असते आणि इतका जोराचा आवाज त्यात फाटतो. लाइन इनची सोय असलेला लहानसा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (बाहेरचा आवाज संगणकात घेणारी डबी) पुरेसा होतो. आज्ञावली म्हणून ऑडॅसिटी ही विनामूल्य मिळते. ध्वनिमुद्रण 24 बिट आणि 48 किलोहर्ट्‌झवर करावे आणि आवाजाची पातळी अशी ठेवावी की सर्वांत जोराचा ठोकाही उणे 6 डेसिबलच्या आसपास थांबेल. मेटल ऐकणाऱ्यांना पातळी लाल रेषेपर्यंत नेण्याचा मोह होतो, परंतु संगणकावर शून्याच्या वर गेलेला ध्वनी छाटला जातो आणि तो परत मिळत नाही. या मापाने एका मिनिटाला सुमारे 17 मेगाबाइट जागा लागते, म्हणजे 60 मिनिटांच्या कॅसेटला साधारण एक गिगाबाइट. उतरवल्यानंतर फ्लॅक स्वरूपात साठवावे, त्यात जागा वाचते आणि गुणवत्ता घटत नाही. एमपी3 हवे असल्यास ते या फ्लॅकवरून नंतर वेगळे करून घ्यावे.

आवाजात सतत गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम करावे; बहुतेक वेळा एवढ्यानेच ती थांबते. वेगही तपासावा. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने सरकली पाहिजे, आणि वेग सुमारे 6 टक्क्यांनी वाढला तर सूर अर्ध्या स्वराने वर चढतो. छापील कार्डावरील गाण्याची लांबी आणि उतरवलेल्या गाण्याची लांबी ताडून पाहावी. मित्राच्या यंत्रावर भरलेल्या कॅसेटमध्ये फरक निघणारच, आणि तो संगणकावर दुरुस्त करता येतो.

डॉल्बीची, म्हणजे फितीची सरसर कमी करणाऱ्या पद्धतीची, खूण असलेली कॅसेट शक्यतो डॉल्बी असलेल्या डेकवर, ते बटण चालू ठेवून वाजवावी. खूण नसेल तर बटण बंद ठेवावे, नाहीतर वरचे ध्वनी दबतात.

उतरवून झाल्यावर सरसर घालवण्याची सोय संगणकात असते. ती वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. गिटारचे डिस्टॉर्शन, सिंबलचा पसरणारा ध्वनी आणि कॅसेटची सरसर हे तिन्ही एकाच पट्ट्यात एकमेकांवर पसरलेले असतात. आज्ञावलीला त्यांतला भेद नीट कळत नाही आणि सरसरीबरोबर ती गिटारची धारही खरवडून काढते. मी माझ्या पहिल्या वीस कॅसेटी अशा ‘स्वच्छ’ केल्या आणि नंतर सगळ्या पुन्हा उतरवल्या. सरसर दहा मिनिटांत कानाला जाणवेनाशी होते. नाहीशी झालेली धार मात्र शेवटपर्यंत खटकत राहते.

प्रत्येक बाजू सलग एका फाइलमध्ये जशीच्या तशी राखून ठेवावी आणि गाणी सुटी करायची असल्यास त्याच्या प्रतीवर करावीत. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र त्याच फोल्डरमध्ये ठेवावे, आणि ती कॅसेट कोणी, कोठून, साधारण कोणत्या वर्षी भरून दिली ते लिहून ठेवावे. आमच्या भरलेल्या कॅसेटींवर गाण्यांची नावे निळ्या बॉलपेनने, कधी इंग्रजीत चुकीच्या स्पेलिंगने तर कधी सरळ देवनागरीत लिहिलेली आहेत. ते हस्ताक्षर जपावे. एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरी अशा दोन हार्ड डिस्क ठेवाव्यात, आणि मूळ कॅसेटी उतरवून झाल्या म्हणून टाकून देऊ नयेत.

जे संग्रहात नाही, त्याची कोणती आवृत्ती घ्यावी

येथे माझ्या निराशेचे मूळ आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जुन्या अल्बमच्या पुढच्या आवृत्त्यांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी केल्या जातात. रीमास्टर म्हणजे तयार मिश्रणाच्या एकूण आवाजावर पुन्हा संस्कार करणे. रीमिक्स म्हणजे गायन, गिटार, बेस, ड्रम या सुट्या वाहिन्या घेऊन त्यांचे मिश्रण नव्याने करणे. मेटालिकाच्या 1988 च्या अल्बममध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकू येत नाही ही चाहत्यांची जुनी तक्रार आहे. 2018 साली त्याची नवी आवृत्ती आली ती रीमास्टर होती, त्यामुळे मिश्रणात दबलेला बेस तेथेही दबलेलाच राहिला. उलट, वर सांगितलेला मेगाडेथचा अल्बम रीमिक्स होता आणि त्यात मूळ वादनाचे परस्पर प्रमाणच बदलले. ऑझी ऑस्बोर्न यांच्या पहिल्या दोन एकल अल्बमांच्या 2002 च्या आवृत्तीत तर मूळ बेस आणि ड्रम पूर्ण काढून दुसऱ्या वादकांकडून पुन्हा वाजवून घेतले होते. 2011 च्या आवृत्तीत मूळ वादन परत आले. म्हणजे मुखपृष्ठ तेच असले तरी मागील बाजूचे साल वाचल्याशिवाय सीडी घेऊ नये.

रीमास्टरमध्येही एक मोठा धोका असतो. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून पुढे सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजाच्या करण्याची चढाओढ लागली. हळू भाग वर उचलायचा आणि जोराचा ठोका छतावर दाबायचा, असे त्याचे तंत्र असते. मेटलमध्ये शांत अंतर्‍यानंतर सारी वाद्ये एकदम कोसळतात त्यातच सारा परिणाम असतो, आणि दोन्ही भाग सारख्याच उंचीचे केले की कोसळायला जागाच उरत नाही. मेटालिकाचा 2008 चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा याचा सर्वांत गाजलेला दाखला आहे: त्याच वेळी एका व्हिडिओ गेमसाठी दिलेली त्याच गाण्यांची ध्वनिमुद्रणे कमी दाबलेली निघाली आणि सीडीपेक्षा तीच बरी आहेत असे चाहत्यांनी सप्रमाण दाखवून दिले. आज प्रमुख ॲप सर्व गाणी एका ठरावीक पातळीला आणून वाजवतात, त्यामुळे दाबून मोठे केलेले गाणे शेवटी लहानच करून वाजवले जाते, आणि दाबल्याने झालेली हानी तेवढी शिल्लक राहते.

यावरून माझा नियम असा झाला आहे की 1980 च्या दशकातील अल्बम शक्यतो त्याच दशकातील किंवा 1990 च्या सुरुवातीच्या सीडीवर शोधावा. जुन्या सीडीचा आवाज आधी हळू वाटतो. आवाजाचे बटण थोडे पुढे फिरवावे, एवढेच. शंका असल्यास दोन्ही आवृत्त्या ऑडॅसिटीत उघडून आलेख पाहावा: चांगल्या आवृत्तीत ठोक्यांची टोके गवताच्या पात्यांसारखी उंच-सखल दिसतात, दाबलेल्या आवृत्तीत सारा आलेख विटेसारखा भरीव दिसतो.

ॲपवरील यादीला संग्रह समजू नये. मी तीन वर्षे मेहनतीने रचलेल्या यादीतील अकरा गाणी एका सकाळी राखाडी झालेली दिसली आणि ती परत आली नाहीत.

खोली आणि बैठक

कान सुखावण्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही, परंतु सिमेंटची रिकामी खोली मेटलला फार वाईट असते. उघड्या भिंतींवरून सिंबलचा आवाज परत येतो आणि दोन-तीन तास ऐकल्यावर डोके दुखते. आपल्या सोलापुरी चादरी येथे उपयोगी पडतात. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, मनगटाएवढ्या चुण्या ठेवून, जाड चादरी दुहेरी करून टांगल्या की वरच्या ध्वनींचा परतावा स्पष्टपणे कमी होतो. खर्जावर त्यांचा परिणाम होत नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढावेत आणि भिंतीपासून हातभर पुढे ठेवावेत. जमिनीवर सतरंजी घालावी.

ऐकताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि अल्बम पहिल्या बाजूपासून सुरू करावा. स्लेयरचा 1986 चा ‘रेन इन ब्लड’ जेमतेम 29 मिनिटांचा आहे, इतका छोटा की मूळ कॅसेटच्या प्रत्येक बाजूवर तो पूर्णच्या पूर्ण भरलेला होता. ज्यांची सवय मोडली आहे त्यांनी तेथून सुरुवात करावी. आम्ही चौघेजण आता महिन्यातून एका रविवारी, दुपारची जेवणे झाल्यावर, माझ्याकडे बसतो, एकच अल्बम लावतो, बाजू संपेपर्यंत कोणी बोलत नाही, आणि बाजू बदलताना शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढे येते. आवाज किती ठेवावा यावर शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावे.

नव्या बँडचे काय

‘आता पूर्वीसारखे कोणी वाजवत नाही’ हे वाक्य मीही पुष्कळ वर्षे म्हटले. ते अज्ञानातून म्हटले जात होते, असे आज मला वाटते, कारण मी शोधणेच थांबवले होते. बंगळूरचा क्रिप्टोस हा बँड 1998 पासून, आयर्न मेडन आणि जुडास प्रीस्ट हे बँड ऐकून वाढलेल्या माणसाला लगेच ओळखीचे वाटेल असे दोन गिटारींचे संगीत करतो आहे. मुंबईचा डेमॉनिक रेझरेक्शन 2000 साली सुरू झाला आणि 2017 साली त्यांनी दशावतारांवर एक संपूर्ण अल्बम रचला. दिल्लीचा ब्लडीवुड 2019 साली जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजला. त्यांच्या संगीतात ढोल आणि पंजाबी-हिंदी ओळी आहेत, आणि माझ्या वयाच्या श्रोत्याला ते पहिल्या ऐकण्यात पटेलच असे नाही. मला ते तिसऱ्या ऐकण्यात पटले.

या मंडळींना पैसे कसे पोहोचतात हे समजून घेऊन खर्च करावा. स्पॉटिफायने 2024 पासून, मागील 12 महिन्यांत 1000 पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मोबदला देणे बंद केले आहे, आणि लहान मेटल बँडची बरीच गाणी या रेषेखाली राहतात. त्याऐवजी बँडकॅम्प या संकेतस्थळावर अल्बम विकत घेतला तर डिजिटल विक्रीवर ते 15 टक्के ठेवतात आणि उरलेली रक्कम, पैसे वळते करण्याचा खर्च वजा जाता, बँडकडे जाते. शिवाय तेथे फ्लॅक फाइल मिळते, म्हणजे ती आपल्या हार्ड डिस्कवर जुन्या कॅसेटींच्या शेजारी कायमची राहते. महिन्याला एक अल्बम घेण्याचे मी ठरवले आहे, आणि रविवारच्या बैठकीत एका जुन्यामागे एक नवा असा क्रम ठेवला आहे.

प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी सोलापूरकराला प्रवास अटळ आहे. आयर्न मेडन 17 मार्च 2007 रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले तेव्हा आणि मेटालिका 30 ऑक्टोबर 2011 रोजी तेथेच आले तेव्हा, उद्यान एक्स्प्रेसने निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचण्याची सोय आपल्याला होती आणि आजही आहे. पुण्याचे कार्यक्रम हुतात्मा एक्स्प्रेसच्या अंतरावर आहेत. मोठ्या नावांची वाट पाहत बसण्यापेक्षा पुण्या-मुंबईतील लहान सभागृहांतील कार्यक्रमांना जावे, जेथे दीडशे माणसांत आपण सातवे-आठवे चाळिशीपुढचे असतो आणि कोणी त्याकडे लक्षही देत नाही. परतीचे तिकीट त्याच रात्रीचे काढू नये, कार्यक्रम उशिरा संपतात. कानांत फोमचे बोळे घालावेत. त्यांनी आवाज कमी होतो, गाणे कमी होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन कॅसेट लावली की सिंबल नीट ऐकू येतो. कार्यक्रमानंतर बँडची मंडळी बहुधा टेबलापाशी स्वतःच टी-शर्ट आणि सीडी विकत उभी असतात, आणि अलीकडे काही बँड तेथे पुन्हा कॅसेटीही ठेवू लागले आहेत. मी गेल्या वेळी त्यांतली एक घेतली आणि घरी आल्यावर पहिल्यांदा वाजवतानाच तिची एक प्रत उतरवून ठेवली.